विलंबितातली पावले

माझे वडील बडोद्याच्या कलावंत कारखान्यातील अखेरच्या पिढीचे गवई. 1949 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तेव्हा ते तेथे सर्वांत धाकटे होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. माझ्या वाट्याला दरबार आला नाही, शिकवण्या आल्या. पंचेचाळिशी उलटल्यावर गाताना दम तुटू लागला. शिष्यांपासून ते लपवीत होतो. अशातच 2024 च्या आश्विनात पुतण्याकडे बीजिंगला जाण्याचा योग आला.

मला पाहायची होती एकच जागा: स्वर्गमंदिराच्या आवारातील संगीतशाळा. मंदिर मिंग सम्राट युंगलोने 1420 साली पुरे केले. तेथील राजविधींचे वादक याच शाळेत तयार होत. आता तेथे संग्रहालय आहे. दरबारी गवयाच्या मुलाला याहून जवळचे तीर्थ कोणते? पण भल्या पहाटे पोचलो तो शाळेचे दार बंद. आवार मात्र माणसांनी फुललेले. 1918 पासून ते सर्वांना खुले आहे. सुरूसारख्या जुनाट झाडांखाली तीसचाळीस माणसे संथ लयीत हात फिरवीत होती. हेच ताई-ची. शिकविणाऱ्या वृद्ध बाईंनी मला खुणेने बोलाविले. त्यांना ‘लाओशी’, म्हणजे गुरुजी, म्हणायचे, असे पुतण्याने सांगितले, आणि मी मागच्या रांगेत उभा राहिलो.

चोवीस चालींचा हा संच 1956 साली यांग शैलीतून बसविण्यात आला. पुरा व्हायला पाचसहा मिनिटे. तालात जन्म गेलेल्याला हे काय अवघड, असे वाटले. हात पाण्यातून तरंगत यावेत तसे खांद्यापर्यंत आणणे, ही पहिली चाल जमली. दुसरी ‘रानघोड्याची आयाळ विंचरण्याची’. तीत पाऊल पुढे टाकायचे, पण टाच टेकवून थांबायचे. मग एका घागरीतून दुसरीत पाणी ओतावे तसे वजन त्यावर न्यायचे. माझ्या मांड्या थरथरू लागल्या. शेजारच्या आजीबाई सावकाश सरकत होत्या. मी प्रत्येक वेळी समेच्या आधीच येऊन उभा!

लाओशी आल्या. माझे खांदे कानांना भिडले होते. त्यांनी ते दोन बोटांनी खाली दाबले. मग स्वतःच्या बेंबीखाली तळवा ठेवून श्वास कोठे न्यायचा ते दाखविले. खर्ज भरताना वडील हेच करीत. मी वर्षानुवर्षे ‘नाभीतून श्वास घ्या’ असे सांगत आलो, आणि माझा श्वास छातीतच अडकलेला!

तेवढ्यात एक मुलगी आठवली. षड्ज स्थिर होईना म्हणून ‘तुला गाणे यायचे नाही’ असे सांगून मी तिला परत पाठविले होते. लाओशींनी मला तसे म्हटले नाही. बारा सकाळी तीच दुसरी चाल करवून घेतली.

यांग लुछान (1799–1872) चेन कुळाच्या गावी शिकले आणि पुढे बीजिंगच्या राजदरबारी शिकवू लागले. दरबार गेला, विद्या बागेत आली, म्हणून जगली. शेवटच्या दिवशी संगीतशाळाही पाहिली. तेथल्या टांगलेल्या घंटा त्या दिवशी तरी मुक्याच होत्या.

बडोद्यास परतल्यावर त्या मुलीच्या घरी गेलो. हल्ली ती पहाटे येऊन सा लावते. सूर हलतो, तरी मी मध्ये बोलत नाही. माझा दम अजून तुटतो. तो आता लपवीत नाही.