पोलिसांनीं गाडी अडविली असतां

उसाचा हंगाम असो वा बाजाराचा दिवस असो, ट्रॅक्टर-ट्रॉली किंवा टेंपो घेऊन निघालेल्या शेतकऱ्यास वाटेंत शिटी ऐकूं आली कीं त्याची पांचावर धारण बसते. कायद्यानें पोलिसांस काय दिलें आहे व आपणांस काय दिलें आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसतें, आणि तीच उणीव महाग पडते.

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम १३० प्रमाणें गणवेषांतील कोणत्याही पोलिसानें मागतांच चालकानें परवाना दाखविलाच पाहिजे. येथें हुज्जत घालण्यांत अर्थ नाहीं. नोंदणी, विमा इत्यादि कागद मोबाईलमध्यें असले तरी चालतात. केंद्रीय नियम १३९ मध्यें २०१८ सालीं तशी दुरुस्ती झाली. परवाना जप्त केल्यास कलम २०६ प्रमाणें तात्पुरती पोच मिळाली पाहिजे, व सर्वसाधारणपणें परवाना परत मिळेपर्यंत किंवा पोचेंत दिलेल्या तारखेपर्यंत, यांपैकीं जें आधीं होईल तोंवर, त्या पोचेवर गाडी चालवितां येते; कांहीं गुन्ह्यांत मात्र तशी मुभा नाहीं. पोचेवांचून परवाना हातचा सोडूं नये. जागेवर भरलेला दंड ही तडजोड होय. ती मान्य नसल्यास निकाल न्यायालयाकडून घेतां येतो.

परंतु कागद पाहणें निराळें आणि झडती घेणें निराळें. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ (ही १ जुलै २०२४ पासून अमलांत आहे) हिच्यांत 'स्थळ' या शब्दांत वाहनही येतें. एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठीं वॉरंटाशिवाय झडती घ्यावयाची, तर कलम १८५ प्रमाणें ठाणेदारानें किंवा तपासी अधिकाऱ्यानें संशयाचीं कारणें आधीं लिहून ठेविलीं पाहिजेत. कलम १०५ प्रमाणें झडतीचें व जप्तीचें चित्रीकरण आवश्यक आहे. घेतलेल्या वस्तूंची यादी होऊन तीवर साक्षीदारांच्या सह्या व्हाव्या लागतात. ती यादी मागून घ्यावी. आमच्या मतें पुढें उपयोगी पडणारा याहून मोलाचा कागद दुसरा नाहीं. बरोबरच्या स्त्रीची अंगझडती स्त्रीनेंच घ्यावयाची असते. अटक झालीच, तर तिचीं कारणें सांगणें व चोवीस तासांच्या आंत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटपुढें उभें करणें बंधनकारक आहे.

बैल नेणारांची गोष्ट अधिक नाजूक. महाराष्ट्र प्राणी संरक्षण कायदा, १९७६ याच्या कलम ८ खालीं गाडी थांबवून तपासण्याचा अधिकार उपनिरीक्षक, म्हणजे आपल्या भाषेंत फौजदार, वा त्यावरील अधिकारी, अथवा सरकारनें अधिकृत केलेली व्यक्ति यांनाच आहे. रस्त्यावर आडवा येणाऱ्या वाटेल त्या इसमास तो नाहीं. असा प्रसंग आल्यास हातघाईवर न येतां ११२ क्रमांकावर पोलिसांस बोलवावें, व अधिकारपत्र दाखविण्यास सांगावें. बाजार समितीची खरेदीपावती आणि जनावर प्रवासास योग्य असल्याचा पशुवैद्याचा दाखला आम्ही तर बैलाच्या दाव्याइतकाच आवश्यक समजतों. बैल कत्तलीसाठीं नव्हते हें सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच टाकणारें या कायद्याचें कलम ९-ब मुंबई उच्च न्यायालयानें ६ मे २०१६ रोजीं घटनाबाह्य ठरविलें.