यादीत नसलेली लंगडी

कांदिवलीला चारकोपात आमची सोसायटी आहे. तिच्या फाटकाजवळ एक पाटी लावलीय : 'मुलांचे खेळ – बॅडमिंटन, कॅरम, दोरीवरच्या उड्या.' गेल्या आठवड्यात मुलींनी खडूने मोठा चौकोन आखला आणि लंगडी सुरू केली. वॉचमन काका धावत आले. "लंगडी पाटीवर नाही. बंद करा!"

सहावीतली एक मुलगी एका पायावर तशीच उभी राहिली. म्हणाली, "काका, पाटीवर नाही म्हणजे बंदी आहे, की लिहायची राहिलीय?"

मी गॅलरीतून ऐकत होतो. अंगावर काटाच आला! कारण मित्रांनो, अगदी हाच प्रश्न साठेक वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता. आणि तो तिथे नेला होता एका मराठी विज्ञानाच्या पुस्तकाने.

1962 मध्ये चीनशी युद्ध झालं आणि देशात आणीबाणी लागू झाली. त्या काळात भारत संरक्षण नियमांखाली सरकार माणसाला खटला न चालवताही कोठडीत ठेवू शकत होतं. अशाच एका हुकमावरून कम्युनिस्ट कार्यकर्ते प्रभाकर संझगिरी मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे बसून त्यांनी काय करावं? सरकारच्या परवानगीने एक पुस्तक लिहिलं. 'अणूच्या अंतरंगात'!

विचार करा. चार भिंतींत अडकलेला माणूस डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांबद्दल लिहितोय, मराठीत, साध्या वाचकांना कळावं म्हणून.

हस्तलिखित पूर्ण झालं. ते छापायला बाहेर पाठवायचं होतं. सरकार म्हणालं, नाही. का? स्थानबद्ध माणसाला काय काय करता येईल याचे नियम ठरलेले आहेत आणि पुस्तक बाहेर पाठवणं त्यांत कुठे लिहिलेलं नाही. झाली की नाही आमच्या फाटकावरची पाटी?

संझगिरी मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी पुस्तकाची अनुक्रमणिका पाहिली. मूलकण, पुंजसिद्धांत, लोकांना ज्ञान मिळावं हा हेतू. देशाच्या संरक्षणाला धोका होईल असं त्यात काय होतं? न्यायालयाने परवानगी द्यायला सांगितलं. राज्य सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. सप्टेंबर 1965 मध्ये तिथेही ते हरलं. न्यायमूर्ती सुब्बा राव यांच्या निकालाचा गाभा असा : ते नियम म्हणजे सरकारने कैद्याला दिलेल्या सवलतींची यादी नव्हे. त्याचं स्वातंत्र्य कुठवर कमी करता येईल, एवढंच ते सांगतात. जे कमी केलेलं नाही, ते त्याच्याजवळच राहतं.

मला हा निकाल फार आवडतो. तुरुंगातल्या माणसाजवळही न लिहिलेलं काही शिल्लक असतं, मग बाहेरच्या तुमच्या-आमच्याजवळ किती असेल!

पण ते असतं कुठे? याचं उत्तर शोधायला संझगिरींच्या पुस्तकाचं नावच उपयोगी पडतं. पूर्वी वाटायचं, अणू म्हणजे शेवट, याहून लहान काही नाही. मग 1897 मध्ये थॉमसन यांना इलेक्ट्रॉन सापडला, 1911 मध्ये रदरफोर्ड यांनी केंद्रक दाखवलं, 1932 मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधला. ते सगळं आधीपासून आतच होतं, कुणी डोकावलं नव्हतं इतकंच.

आपल्या संविधानातला अनुच्छेद 21 असाच आहे. कायद्याने ठरलेल्या पद्धतीशिवाय कुणाचंही 'जीवित' आणि 'व्यक्तिगत स्वातंत्र्य' हिरावून घेता येणार नाही, एवढंच तो सांगतो. एका वाक्यात संपतो! पण न्यायालयं त्या दोन शब्दांत डोकावत गेली. 1985 मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात, ओल्गा टेलिस या पत्रकार त्यात अर्जदार होत्या, कोर्ट म्हणालं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्कही येतो. त्या माणसांच्या झोपड्या मात्र त्याने वाचल्या नाहीत. पावसाळा संपेपर्यंत थांबा, असं कोर्टाने पालिकेला सांगितलं. हे वाचताना मला अजूनही वाईट वाटतं. 1993 मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचं शिक्षण त्याच शब्दांत सापडलं आणि 2002 मध्ये घटनादुरुस्ती होऊन ते 21क म्हणून चक्क लिहिलंही गेलं. 2017 मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीश म्हणाले की खासगीपणा हाही हक्कच आहे. हा शब्द संविधानाच्या हक्कांच्या यादीत शोधून पाहा, सापडणार नाही. सुब्बा राव यांनी मात्र 1962 मध्येच तो 'स्वातंत्र्य' या शब्दात पाहिला होता. तेव्हा ते अल्पमतात होते.

यादीत नाही ते नाकारलं जाईल, ही भीती अमेरिकेत तर आधीच ओळखली होती. 1791 मध्ये लागू झालेली हक्कांची यादी करताना त्यांनी तिच्यातच लिहून ठेवलं, की इथे काही हक्क नोंदवले म्हणून लोकांचे बाकीचे हक्क नाकारू नयेत. आपल्या संविधानात असं वाक्य नाही, म्हणून आपल्याला शब्दांच्या आत शिरावं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, मग रात्री अकरा वाजता लंगडी खेळू? तळमजल्यावर तान्हं बाळ आहे. शांत झोपेचा हक्कही संविधानात कुठे लिहिलेला नाही, तरी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो मानला. म्हणजे बाळाकडेही न लिहिलेला हक्क आहे, बरं का!

रविवारी सोसायटीची सभा आहे. ती मुलगी वहीत दोन गोष्टी लिहून घेऊन जाणार आहे : लंगडीची वेळ, आणि बाळाच्या झोपेची वेळ. दुसरी तिने बाळाच्या आजीला विचारून घेतलीय.