बॅटरी सुस्थितीत असताना मोटारगाडी सुरू न होणे

बॅटरी सुस्थितीत असूनही मोटारगाडी सुरू न होणे हा अंतर्ज्वलन इंजिनावर चालणाऱ्या वाहनांतील एक सर्वपरिचित बिघाड आहे. गाडीचे दिवे लागतात, भोंगा वाजतो, परंतु चावी फिरवल्यावर किंवा बटण दाबल्यावर इंजिन चालू होत नाही. अशा बिघाडाचे निदान एका प्रश्नापासून सुरू होते: इंजिन फिरतच नाही, की फिरते पण पेट घेत नाही? पहिल्या प्रकारात दोष बहुधा स्टार्टर व त्याच्या वीजजोडणीत असतो. दुसऱ्या प्रकारात तो इंधन, ठिणगी, हवा किंवा इंजिनाच्या अंतर्गत यंत्रणेत शोधावा लागतो. हा भेद लक्षात न घेतल्यास चांगले सुटे भाग विनाकारण बदलले जातात.

कार्यप्रणाली

अंतर्ज्वलन इंजिन स्वतःहून सुरू होऊ शकत नाही. सिलिंडरमध्ये हवा ओढली जाऊन दाबली जाण्यासाठी ते प्रथम बाहेरून फिरवावे लागते. पूर्वी हे काम गाडीच्या पुढील बाजूने हँडल मारून केले जाई आणि हँडलचा उलटा झटका बसून हात मोडण्याचे प्रकारही घडत. अमेरिकन अभियंते चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला आणि पुढे हँडल मागे पडले.

चालक चावी फिरवतो तेव्हा एक लहान प्रवाह रिलेमार्गे सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड स्टार्टरचे लहान दातेरी चाक पुढे ढकलून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि त्याच वेळी बॅटरीचा मोठा प्रवाह स्टार्टर मोटरकडे सोडतो. या क्रियेला बोलीभाषेत ‘सेल्फ मारणे’ असे म्हणतात.

बॅटरी चांगली असल्याची खातरजमा

केवळ दिवे लागतात यावरून बॅटरी चांगली ठरत नाही. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांत स्थितीत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. सेल्फ मारताना तो काहीसा उतरणे स्वाभाविक असले, तरी सर्वसाधारण तापमानात तो साधारणपणे ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.

बॅटरी या कसोटीस उतरली तरी तिची वीज स्टार्टरपर्यंत पोहोचतेच असे नाही. समजा, गंजलेल्या टर्मिनलमुळे मार्गात ०.०५ ओहम इतका रोध निर्माण झाला. पुढील दिवे सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्यामुळे या सांध्यात जेमतेम अर्धा व्होल्ट खर्ची पडतो आणि दिवे जवळजवळ पूर्ववत लागतात. स्टार्टरला मात्र १०० अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह लागतो. तेवढा प्रवाह वाहू लागल्यास त्याच सांध्यात ५ व्होल्ट नाहीसे होतील. दिवे प्रखर आणि सेल्फ निष्प्राण, या विसंगतीचे हे एक प्रमुख कारण होय.

इंजिन फिरतच नसल्यास

या प्रकारात ऐकू येणारा आवाज मार्गदर्शक ठरतो.

कोणताही आवाज नसल्यास सोलेनॉइडपर्यंत आज्ञाच पोहोचत नसण्याची शक्यता असते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत गिअर ‘पी’ किंवा ‘एन’ स्थितीत असावा लागतो. अनेक नव्या गाड्यांत क्लच पूर्ण दाबल्याशिवाय सेल्फ लागत नाही. त्यानंतर फ्यूज, रिले व इग्निशन स्विच तपासावा.

एकदाच ‘टक’ असा आवाज आल्यास सोलेनॉइड कार्य करतो, पण मोटर फिरत नाही. स्टार्टरमधील ब्रश झिजलेले असणे, टर्मिनल सैल असणे किंवा इंजिनाला बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडणारी अर्थची तार गंजलेली असणे ही त्याची संभाव्य कारणे आहेत. स्टार्टरवर हलकेच ठोकल्याने झिजलेले ब्रश क्वचित तात्पुरता संपर्क साधतात. हा कायमचा उपाय नव्हे.

जलद ‘कटकट’ ऐकू आल्यास दाब वारंवार कोसळत आहे, असे समजावे. अशा वेळी टर्मिनल स्वच्छ करून घट्ट करावेत आणि बॅटरीची भारासह पुन्हा चाचणी करावी.

मोटर घरघरते पण इंजिन फिरत नाही, असे आढळल्यास दातेरी चाक फ्लायव्हीलमध्ये अडकत नसते.

इंजिन फिरते, पण पेट घेत नसल्यास

प्रथम टाकीत इंधन आहे का, हे पाहावे. पुष्कळ पेट्रोल गाड्यांत चावी ‘ऑन’ करताच टाकीतील इंधन पंपाचा दोन-तीन सेकंद मंद गुणगुणाट ऐकू येतो. तो नसल्यास पंप, त्याचा फ्यूज किंवा रिले संशयास्पद ठरतो.

इमोबिलायझर ही चोरीप्रतिबंधक यंत्रणा चावीतील सांकेतिक चिप ओळखली गेली नाही, तर इंजिन सुरू होऊ देत नाही. काही गाड्यांत ती सेल्फ रोखते, तर काहींत सेल्फ लागतो पण इंधन किंवा ठिणगी बंद राहते. डॅशबोर्डवरील चावीचे चिन्ह लुकलुकत राहिल्यास दुसरी चावी वापरून पाहावी.

सेल्फ मारताना आरपीएमचा काटा शून्यावरच राहिल्यास क्रँकशाफ्ट सेन्सरचा दोष असू शकतो. काही वेळा हा सेन्सर इंजिन तापल्यावर निकामी होतो व थंड झाल्यावर पुन्हा चालतो. याखेरीज खराब स्पार्क प्लग, तुंबलेले इंधन फिल्टर आणि उंदरांनी कुरतडलेल्या तारा ही कारणेही आढळतात. इंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरत असल्यास टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता असते. अशा वेळी पुन्हा सेल्फ मारू नये.

डिझेल व सीएनजी वाहने

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटते. त्यामुळे थंड हवेत ग्लो प्लग निकामी असल्यास इंजिन सुरू होण्यास त्रास होतो. टाकी पूर्ण रिकामी झाल्यास नळ्यांत हवा शिरते आणि डिझेल भरल्यावरही ती हवा काढावी लागते.

सीएनजीवर चालणाऱ्या अनेक गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन नंतर वायूवर जातात. सिलिंडर भरलेला असला तरी पेट्रोलची टाकी कोरडी असल्यास अशी गाडी सुरू होत नाही. शिवाय टाकीतील पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. म्हणून टाकीत नेहमी थोडे पेट्रोल ठेवणे हितकारक असते.

पाण्यात बंद पडलेली गाडी

मुंबई-ठाण्यासारख्या शहरांत पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी तुंबते. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडल्यास ती तेथे पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. हवेच्या मार्गाने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असल्यास, ते हवेप्रमाणे दाबले जात नसल्याने, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. दुरुस्त होण्याजोगी गाडी अशा एका प्रयत्नाने मोठ्या खर्चाचे कारण ठरते. गाडी ओढून न्यावी व सिलिंडरमधील पाणी काढून घ्यावे.

दक्षता

सेल्फ सलग दहा सेकंदांहून अधिक मारू नये. दोन प्रयत्नांमध्ये स्टार्टर थंड होण्यास किमान अर्धा मिनिट द्यावे. स्क्रू ड्रायव्हरने स्टार्टरची टोके जोडण्याची पद्धत धोकादायक आहे, कारण गाडी गिअरमध्ये असल्यास ती एकदम पुढे झेपावते. टर्मिनल काढताना ऋण टोक प्रथम सोडवावे व जोडताना शेवटी जोडावे. पेट्रोलचा वास येत असल्यास वीजजोडणीला हात न लावता गाडीपासून दूर व्हावे. धक्का मारून सुरू करण्याचा उपाय केवळ हाताने गिअर बदलण्याच्या गाड्यांत आणि केवळ स्टार्टरच्या दोषातच उपयोगी पडतो. इंधन किंवा ठिणगीच्या दोषात तो निरुपयोगी असतो.