प्रोग्राम चालत नाही? संगणक भंगारात देण्यापूर्वी एवढे तपासा

विहारांच्या अभ्यासिकांना आणि वाचनालयांना बरेचदा वापरलेले संगणक दानात मिळतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले त्यावर एखादा प्रोग्राम टाकायला जातात. पडद्यावर 'हे अ‍ॅप या संगणकावर चालणार नाही' असा संदेश येतो आणि कुणीतरी म्हणते, 'मशीन गेले!' मग दानातला संगणक कोपऱ्यात धूळ खात पडतो.

कालाम सुत्तात तथागतांनी ऐकीव गोष्टींवर विसंबू नका, स्वतः पडताळा, असे सांगितले. इथेही तेच करायचे आहे. बहुतेक वेळा असा संदेश येतो तेव्हा यंत्र बिघडलेले नसते. प्रोग्राम ज्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी तयार केला आहे, तो प्रकार आणि आपले यंत्र यांचा मेळ बसत नसतो.

विंडोजचे प्रोग्राम आज मुख्यतः तीन प्रकारचे असतात: ३२ बिट, ६४ बिट आणि एआरएम. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट प्रोग्राम चालतो, पण ३२ बिट विंडोजवर ६४ बिट प्रोग्राम चालत नाही.

आधी संगणक पाहू. सेटिंग्जमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडा. 'सिस्टिम टाइप' या ओळीत दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: विंडोज किती बिटची आणि प्रोसेसर कोणता. विंडोज ३२ बिट, पण प्रोसेसर ६४ बिटचा असेल, तर यंत्र सक्षम आहे. फक्त ६४ बिटची प्रणाली नव्याने टाकावी लागेल.

आता प्रोग्राम पाहू. तो चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' उघडा, वरच्या शीर्षकांवर माउसचे उजवे बटण दाबा आणि 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'प्लॅटफॉर्म' निवडा. प्रत्येक प्रोग्रामसमोर ३२ की ६४ ते दिसेल.

प्रोग्राम चालतच नसेल, तर त्याच्या फाइलची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडा. अगम्य अक्षरे दिसतील, घाबरू नका. सुरुवातीच्या भागात 'पी' आणि 'ई' ही इंग्रजी मोठी अक्षरे जोडीने शोधा. थोड्या मोकळ्या जागेनंतर मोठा 'एल' असेल तर प्रोग्राम सहसा ३२ बिट. छोटा 'डी' आणि लगेच खंजिरासारखे चिन्ह असेल तर ६४ बिट. फाइल सेव्ह न करता बंद करा. लिनक्सवर हेच काम टर्मिनलमधील 'फाइल' ही आज्ञा एका ओळीत करते.

एक सावधगिरी: सेटअप म्हणजे पाकीट, आतला प्रोग्राम म्हणजे पत्र. सेटअप ३२ बिट असूनही आतला प्रोग्राम ६४ बिट असू शकतो. म्हणून डाउनलोड करतानाच नावापुढे काय लिहिले आहे ते वाचावे.

जुन्या सीडींबाबत उलटी अडचण येते. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायन तिपिटक सीडीवर उपलब्ध करून दिले. अशा धम्मसाहित्याच्या आणि शब्दकोशांच्या सीडी अनेकांनी जपल्या आहेत. १९९०च्या दशकातील कित्येक प्रोग्रामांचे सेटअप १६ बिटचे असत आणि ६४ बिट विंडोज ते स्वीकारत नाही. सीडी नव्या लॅपटॉपवर चालली नाही म्हणजे ती खराब झाली असे नव्हे. ३२ बिट विंडोज असलेला जुना संगणक तिथेच कामाला येतो. विंडोज ११ची ३२ बिट आवृत्तीच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे असा जुना संगणक इंटरनेटला न जोडता केवळ वाचनासाठी ठेवावा.

आपल्या विहारातील प्रत्येक संगणकावर '३२ बिट' किंवा '६४ बिट' अशी चिठ्ठी चिकटवून ठेवूया. पाच मिनिटांचे काम आहे, आणि दात्याने दिलेली वस्तू मुलांच्या हातात राहील.