मापात पाप

आमचा घरी जुळवलेला कॉम्प्युटर एका संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर सुरूच होईना. लेकीचा बारावीचा प्रोजेक्ट आत अडकला. ती रडवेली होऊन म्हणाली, "अब्बा, सगळं गेलं का?"

काहीच गेले नव्हते. बिघडला होता एसएमपीएस, म्हणजे घरातली 230 व्होल्ट वीज घेऊन कॉम्प्युटरला 12, 5 आणि 3.3 व्होल्ट पुरवणारा डबा. प्रोजेक्ट डिस्कवर सुखरूप होता.

डबा काढला. त्यावर ठळक '450 वॅट' छापलेले. खालच्या बारीक तक्त्यात 12 व्होल्टसमोर फक्त 14 अँपिअर. लेकीने गुणाकार केला: 168 वॅट! कॉम्प्युटरचा मुख्य भार याच 12 व्होल्टवर असतो. स्वस्त म्हणून घेताना आम्ही तक्ता वाचलाच नव्हता.

कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीन मापात मारणाऱ्यांना कडक इशारा देते. माप केवळ तराजूतच नसते, लेबलावरही असते. विकणाऱ्याने ते खरे लिहावे, घेणाऱ्याने नीट वाचावे.

यावेळी तक्ता पाहून नवा डबा आणला. प्लग काढून चार स्क्रू सोडवले, एकेक कनेक्टर बदलला. जुना डबा मात्र कोणी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते.

लेकीने 'बिस्मिल्लाह' म्हणत बटण दाबले. पंखा फिरला, पडदा उजळला. अल्हम्दुलिल्लाह, प्रोजेक्ट वेळेत गेला.