कुजबुज जाते कोणत्या वाटेने?

नाताळची सुट्टी लागली की घरोघरी सहलीचा विषय निघतो. सोलापूर, सांगलीकडची मंडळी अशा वेळी विजापूर गाठतात. २०१४ पासून या शहराचे अधिकृत नाव विजयपुरा असे झाले आहे. सोलापूरहून ते सुमारे १०० किलोमीटरवर आहे. तेथे गेल्यावर गोल घुमट न पाहता कोण परतेल?

गोल घुमट म्हणजे १६५६ साली वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची कबर. घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर आहे आणि खालच्या एवढ्या मोठ्या दालनात एकही खांब नाही. कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना चढून गेले की घुमटाच्या पायथ्याशी, आतल्या बाजूने गोल फिरलेला सज्जा लागतो. या सज्जात दोन गमती आहेत. पहिली सर्वांना ठाऊक असते. दुसरी मात्र बहुतेकांच्या हातून निसटते.

पहिली गंमत प्रतिध्वनीची. येथे एक टाळी वाजवली की ती पुनःपुन्हा ऐकू येते. याचा हिशेब सोपा आहे. आवाज समोरच्या भिंतीवर आदळून परत येईपर्यंत ३८ दुणे ७६ मीटर प्रवास करतो. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे परतायला ०.२२ सेकंद लागले. दोन आवाजांमध्ये साधारण ०.१ सेकंदाचे अंतर असेल तर आपला कान ते वेगवेगळे ओळखतो. येथे अंतर त्याच्या दुपटीहून अधिक आहे. म्हणून प्रत्येक फेरी स्वतंत्र ऐकू येते. तुमच्या वर्गात असे का होत नाही, हे वर्गाची लांबी मोजून तुम्हीच सांगा पाहू!

दुसरी गंमत कुजबुजीची. एकाने भिंतीशी तोंड नेऊन हळूच काही पुटपुटावे आणि पलीकडे भिंतीला कान लावून बसलेल्याने ते ऐकावे! अशा सज्जाला आपण ‘कुजबुज सज्जा’ म्हणू. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही असाच एक सज्जा आहे आणि तेथील कुजबुजीवरून दोन थोर शास्त्रज्ञांची मते भिन्न होती.

खगोलशास्त्रज्ञ एअरी यांचे म्हणणे असे, की घुमट हा अंतर्गोल आरशासारखे काम करतो. एका बिंदूतून निघालेला ध्वनी घुमटावरून परावर्तित होऊन बरोबर समोरच्या बिंदूपाशी एकवटतो. लॉर्ड रॅले यांना हे पटले नाही. ध्वनी भिंतीला बिलगून, तिच्या वळणावरून वारंवार परावर्तित होत पुढे सरकतो, असे ते म्हणाले. त्यांनी पत्र्याची लांब पट्टी अर्धवर्तुळात वाकवली. एका टोकाशी पक्ष्याच्या आवाजासारखी बारीक शिट्टी व दुसऱ्या टोकाशी आवाजाने फडफडणारी ज्योत ठेवली. शिट्टी वाजताच ज्योत फडफडू लागली. मग पत्र्याच्या आतल्या बाजूस, त्याला लागून, एक लहानसा अडसर उभा केला. ज्योत शांत झाली! ध्वनीची वाट पत्र्यालगतच होती, हे उघड झाले.

आता थोडे गणित. मोकळ्या हवेत ध्वनी सर्व दिशांना पसरतो आणि त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १ मीटरवर असलेली तीव्रता ३८ मीटरवर १४४४ पटीने कमी होईल. भिंतीलगतची वाट लांब आहे, अर्ध्या परिघाएवढी, म्हणजे सुमारे ६० मीटर. परंतु येथे ध्वनी एका पातळ थरात कोंडलेला असतो. त्यामुळे त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाने नव्हे, तर केवळ अंतराच्या प्रमाणात घटते, म्हणजे सुमारे ६० पटीने. भिंत थोडा ध्वनी शोषून घेते हे खरे. तरीही लांबची वाटच फायद्याची ठरते.

आणि कुजबुजच का? कुजबुजीत ‘स’, ‘श’ यांसारखे सुसकारे ठळक असतात. ५,००० हर्ट्‌झ वारंवारतेच्या ध्वनीची तरंगलांबी जेमतेम ७ सेंटिमीटर भरते. असे आखूड तरंग भिंतीला अधिक घट्ट बिलगून जातात.

आपले सी. व्ही. रामन यांनीही १९२१ साली सेंट पॉल्समध्ये प्रयोग केले. भिंतीपासून दूर जाताना आवाज एकसारखा घटत नाही, तो कमीजास्त होत जातो, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी भारतातले असे काही सज्जे तपासले. त्यांत गोल घुमटही होता.

मग एअरी बरोबर की रॅले, हे तुमच्या कुटुंबाने का ठरवू नये? ताईने भिंतीशी तोंड नेऊन, भिंतीच्या दिशेत कुजबुजावे. बाबांनी बरोबर समोर, तर आईने पाव परिघावर भिंतीला कान लावून उभे राहावे. तुम्ही आईजवळच, पण भिंतीपासून दोन पावले दूर उभे राहा. ताईने ठरलेले वाक्य बोलू नये. कोणालाही ठाऊक नसलेले तीन आकडे बोलावेत. ठरलेले वाक्य असले की न ऐकताही ऐकल्यासारखे वाटते! प्रत्येकाने आपापले आकडे कागदावर लिहावेत आणि असे दहा वेळा करावे. एअरी बरोबर असतील तर आकडे फक्त बाबांना जुळतील. रॅले बरोबर असतील तर आईलाही जुळतील, आणि तुमचे मात्र बरेच चुकतील. सज्जाच्या कठड्यावर वाकू नका. धाकट्या भावंडांचा हात धरून ठेवा.

एक अडचण मात्र पदार्थविज्ञानाने सुटणारी नाही. सज्जात आलेला जो तो आरोळी ठोकतो. प्रत्येक आरोळीला तिचे प्रतिध्वनी येऊन मिळतात आणि त्या कल्लोळात कुजबुज बुडून जाते. पहिली गंमत दुसरीला गिळून टाकते. म्हणून सकाळी दार उघडताच जा. इतर मंडळी आली तर त्यांना हा प्रयोग समजावून सांगा आणि दोन मिनिटे शांत राहण्याची विनंती करा.

शिक्षकांनी वर्गातही हा प्रयोग करून पाहावा. गुळगुळीत पत्रा अर्धवर्तुळात वाकवावा, एका टोकाशी टिकटिक करणारे घड्याळ व दुसऱ्याशी विद्यार्थ्याचा कान ठेवावा. मग आतल्या बाजूस पत्र्याला लागून एक वही उभी धरावी. टिकटिकीत काय फरक पडला? आणि हीच वही अर्धवर्तुळाच्या मध्यभागी धरली तर?