समुद्रशैवालाचा अर्क आणि त्वचेचे विषाणू

लाल समुद्रशैवालाच्या पेशीभित्तीत कॅराजीनन नावाची गंधकयुक्त शर्करा असते. आइस्क्रीम आणि टूथपेस्टला दाटपणा आणण्यासाठी ती जगभर वापरली जाते. विषाणुशास्त्रात मात्र तिचे महत्त्व तिच्यावरील ऋण विद्युतभारामुळे आहे. ओठावर फोड आणणारा हर्पीस सिम्प्लेक्स आणि चामखीळ उठवणारा पॅपिलोमा, हे दोन्ही विषाणू पेशीत शिरण्याआधी तिच्या पृष्ठभागावरील हेपरान सल्फेटला चिकटतात. कॅराजीननची साखळी त्याच्याशी साधर्म्य राखते. त्यामुळे विषाणू तिलाच बिलगतो आणि पेशीपर्यंत पोहोचत नाही.

हा गुण प्रथम 1958 मध्ये नोंदला गेला. गर्बर आणि सहकाऱ्यांनी इन्फ्लुएन्झा-बी व गालगुंडाच्या विषाणूंनी बाधित केलेल्या कोंबडीच्या अंड्यांतील गर्भांना शैवालाच्या अर्काने संरक्षण मिळाल्याचे दाखवले. 2006 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील संशोधकांना पॅपिलोमाविरुद्ध कॅराजीनन हे हेपरान सल्फेटशी मिळत्याजुळत्या हेपारिनपेक्षा हजारपट प्रभावी आढळले. पण ही किमया काचेच्या बशीतली होती.

बशीतील चाचणीची रीत ठरलेली आहे. आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून वाढवलेल्या व्हेरो पेशींचा थर तयार करतात, त्यावर विषाणू सोडतात आणि मेलेल्या पेशींमुळे पडलेली छिद्रे मोजतात. अर्क घातल्यावर छिद्रे निम्मी करणारी मात्रा आणि पेशींनाच मारणारी मात्रा यांत मोठे अंतर असावे लागते. अर्क केव्हा घातला, हा प्रश्न सर्वांत निर्णायक. विषाणूबरोबर घातल्यास शैवालशर्करा उत्तम काम करते. विषाणू पेशीत शिरल्यावर तिचा प्रभाव फारसा उरत नाही.

मलमासाठी हीच खरी अडचण आहे. निरोगी त्वचेच्या वरच्या थरातून साधारण 500 डाल्टन रेणुभारापेक्षा मोठे रेणू सहज उतरत नाहीत, आणि कॅराजीननचा रेणू लाखाच्या घरात असतो. तो त्वचेवर कवच म्हणून राहील. आतल्या विषाणूला गाठणार नाही. नागीण तर मज्जागंडात, म्हणजे मज्जापेशींच्या पुंजक्यात, दडलेला कांजिण्यांचा विषाणू अनेक वर्षांनंतर जागा झाल्याने उठते. वरून लावलेला लेप तिच्या मुळाशी जात नाही, मग तो शैवालाचा असो की गावाकडे लावतात त्या गेरूचा.

माणसांवरील चाचणीनेही सावध केले आहे. दक्षिण आफ्रिकेत 6,202 स्त्रियांवर कॅरागार्ड या कॅराजीनन जेलची चाचणी झाली. हेतू एचआयव्ही रोखण्याचा होता. 2008 मध्ये आलेल्या निष्कर्षांत जेल निर्धोक, पण संरक्षणासाठी अपुरे ठरले. संबंधाच्या वेळी ते सुमारे 42 टक्केच प्रसंगी वापरले गेले होते. औषधाची ताकद वापरण्याच्या शिस्तीवरही किती अवलंबून असते, हे त्यातून दिसले.

कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर तपकिरी सरगॅसम उगवते. त्यातील फ्यूकॉइडनही गंधकयुक्त शर्कराच आहे. म्हणून महाराष्ट्राला या संशोधनात रस असायला हवा. मात्र शैवाल पाण्यातील धातू शोषून घेते, आणि इथे उल्हासनगर, अंबरनाथ या किनाऱ्यापासून दूरच्या शहरांचाही संबंध येतो. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणारी वालधुनी कारखान्यांचे सांडपाणी आणि मैला घेऊन उल्हास नदीला मिळते. उल्हास वसईच्या खाडीवाटे अरबी समुद्रात जाते. अशा पाण्यातले शैवाल औषधाला घेणे धोक्याचे आहे. शैवालातील शर्करेचे प्रमाण ऋतूगणिक बदलते, म्हणून जागा, महिना आणि धातूंची तपासणी यांची नोंद प्रत्येक अर्कासोबत असलीच पाहिजे.

शैवालाचे औषध सिद्ध होईपर्यंत नागिणीच्या रुग्णाने कोणत्याही लेपाची वाट पाहू नये. पुरळ उठल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने विषाणुरोधक गोळ्या सुरू झाल्या, तर त्या सर्वाधिक उपयोगी पडतात. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे.